चोरांच्या बाजूने : ‘द बँक जॉब’ आणि ब्रिटिश दरोडापटांची मोहिनी

११ सप्टेंबर १९७१, शनिवारची रात्र. लंडनमधल्या विंपोल स्ट्रीटवर राहणारे रॉबर्ट रोलंड्स हे हौशी रेडिओवाले आपल्या यंत्रावर दूरची केंद्रे शोधत बसले होते. अकरा वाजून गेल्यावर त्यांच्या कानावर काही माणसांचे बोलणे आले. एकजण कुठल्याशा छपरावर पहाऱ्याला बसला होता आणि खाली काम करणाऱ्या साथीदारांशी वॉकीटॉकीवर बोलत होता. रात्रभर काम चालू ठेवायचे की थांबून सकाळी पुन्हा सुरू करायचे, यावर त्यांचा वाद चालला होता. हे लोक बँक फोडत आहेत हे रोलंड्स यांच्या लक्षात यायला फार वेळ लागला नाही. त्यांनी पोलिसांना फोन केला. पोलिसांनी आधी फारसे मनावर घेतले नाही आणि बोलणे टेप करून ठेवा, असे सांगितले. त्यांनी ते केले.

नंतर यंत्रणा हलली. पण बोलणाऱ्यांनी बँकेचे नाव घेतले नव्हते. वॉकीटॉकीचा पल्ला मोजका असला तरी लंडनमध्ये दहा मैलांच्या परिघात शेकडो बँका होत्या. रविवारी पोलीस एकेक शाखा तपासत निघाले. बेकर स्ट्रीट आणि मॅरिलिबोन रोडच्या कोपऱ्यावरच्या लॉइड्स बँकेच्या शाखेतही ते गेले. तळघरातल्या स्ट्राँगरूमचा जाडजूड दरवाजा बंद होता, त्याचे वेळेवर उघडणारे कुलूप शाबूत होते. सगळे ठीक आहे असे मानून ते परतले. दरवाजाच्या पलीकडची जमीन मात्र तोवर खालून फुटलेली होती.

हा प्रसंग प्रथम वाचताना मनात काय होते, हे वाचकाने प्रामाणिकपणे आठवून पाहावे. पोलीस दरवाजापर्यंत येतात तेव्हा आपला श्वास अडकतो, आणि ते परत फिरतात तेव्हा सुटतो. कुणाच्या काळजीने? त्या बँकेत आपला पैसा नाही, त्या चोरांशी आपले नाते नाही. आपण आयुष्यभर रांगेत उभे राहून वीजबिल भरलेले लोक. तरीही त्या क्षणी आपण चोरांच्या बाजूला गेलेले असतो. २००८ साली आलेला रॉजर डोनाल्डसन दिग्दर्शित ‘द बँक जॉब’ हा चित्रपट याच चोरीवर बेतलेला आहे. ब्रिटिश दरोडापटांची जी मोहिनी गेली सत्तर वर्षे टिकून आहे, तिचे मूळ या बाजू बदलण्यात आहे, असे मला वाटते. ही बाजू बदलण्याची मुभा प्रेक्षकाला कोण देतो, कशाच्या बदल्यात देतो आणि तिची किंमत कोण मोजतो, हे या लेखात पाहायचे आहे.

‘दरोडा’ हा शब्द इथे थोडा सैल अर्थाने वापरला आहे. आपल्या कायद्यात पाच किंवा अधिक माणसांनी मिळून बळजबरीने केलेली लूट म्हणजे दरोडा. बंद बँकेत भुयारातून शिरणे ही खरे तर घरफोडी. पण या चित्रपटांना ‘घरफोडीपट’ म्हणण्याचा धीर होत नाही, म्हणून ‘दरोडापट’.

होम्सच्या गल्लीतली चोरी

आधी खरी घटना. चोरांनी बँकेपासून दोन दुकाने सोडून ‘ल साक’ नावाचे चामडी वस्तूंचे दुकान भाड्याने घेतले. मधे ‘चिकन इन’ हे खानावळवजा दुकान होते. त्याच्या खालून सुमारे चाळीस फूट लांब भुयार त्यांनी खणले. खणकाम शनिवार-रविवारी, म्हणजे आजूबाजूला वर्दळ नसताना चाले. स्ट्राँगरूमची काँक्रीटची जमीन फोडण्यासाठी आधी जॅक लावून पाहिला, मग उष्णतेने काँक्रीट वितळवणारा थर्मल लान्स वापरून पाहिला. दोन्ही चालले नाहीत. शेवटी सुरुंगाने भोक पाडले. आत गेल्यावर अडीचशेहून अधिक लॉकर फोडले. ऐवज किती गेला याचे अंदाज पाच लाख पौंडांपासून तीस लाखांपर्यंत होते. अंदाजात एवढी तफावत राहण्याचे कारण साधे आहे. लॉकरमध्ये काय ठेवले आहे हे बँकेला माहीत नसते, आणि आपले काय गेले हे सांगायला बऱ्याच लॉकरधारकांची तयारी नव्हती.

ही चोरी बेकर स्ट्रीटवर झाली या योगायोगाकडे दुर्लक्ष करणे कुणालाच जमले नाही. शेरलॉक होम्सचा पत्ता तोच. आर्थर कॉनन डॉयल यांची १८९१ साली ‘स्ट्रँड’ मासिकात आलेली ‘रेड-हेडेड लीग’ ही कथा मराठी वाचकांपैकी अनेकांनी भाषांतरातून शाळेच्या वयातच वाचलेली असेल. लाल केसांच्या एका सावकाराला रोज काही तास विश्वकोश उतरवून काढण्याचे विचित्र काम मिळते. त्याला दुकानातून दूर ठेवणे एवढाच त्यामागचा हेतू असतो, कारण त्याचा नोकर तळघरातून शेजारच्या बँकेपर्यंत भुयार खणत असतो. होम्स काठीने फरसबंदी ठोकून पाहतो, नोकराच्या विजारीच्या मळलेल्या गुडघ्यांकडे बघतो आणि सारे ओळखतो. ऐंशी वर्षांनी होम्सच्या गल्लीत तीच युक्ती वापरली गेली. शेरलॉक होम्सने ही चोरी उकलून दाखवावी, अशा अर्थाचा मजकूर चोर भिंतीवर लिहून गेले, असेही तेव्हा सांगितले गेले.

कथा आणि घटना यांच्यात एक मोठा फरक आहे. डॉयल यांच्या कथेत आपण होम्सबरोबर अंधाऱ्या तळघरात दबा धरून बसतो आणि चोर वर येण्याची वाट पाहतो. आपले कान जमिनीखालच्या आवाजाकडे असतात, ते पकडण्यासाठी. दरोडापटात आपण भुयारात असतो आणि वरच्या पावलांचा आवाज ऐकतो. जागा तीच, प्रसंग तोच, फक्त कॅमेरा जमिनीच्या वर ठेवायचा की खाली हा प्रश्न. सबंध प्रकाराचा जन्म या एका निर्णयातून होतो.

स्वतःसाठी केलेले काम

जमिनीखाली गेल्यावर प्रेक्षकाला दिसते ते काम. हा या चित्रपटांचा पहिला आणि माझ्या मते सर्वात कमी चर्चिला गेलेला गुण. ‘द बँक जॉब’मधला टेरी लेदर (जेसन स्टॅथम) हा पूर्व लंडनमध्ये जुन्या गाड्यांचा धंदा करणारा, देणेकऱ्यांनी गांजलेला संसारी माणूस आहे. त्याच्या टोळीत एक छायाचित्रकार आहे, पडद्यावर किरकोळ कामे करणारा एक नट आहे, सूटबूट घालून दुकानमालक शोभेल असा एक तोतया आहे, भुयाराचे काम जाणणारा एक कारागीर आहे. यातला कुणीही मोठा गुन्हेगार नाही. प्रत्येकाला काहीतरी थोडेफार येते, आणि त्या थोड्याफार येण्याची बाहेरच्या जगात किंमत नाही. भुयारात ती आहे. माती उपसणे, आधार लावणे, मोजमाप चुकणे, घामाने भिजणे, एकमेकांवर खेकसणे, हे सारे डोनाल्डसन सावकाश दाखवतात.

आपल्यापैकी बहुतेकांचे काम दुसऱ्याच्या सोयीने, दुसऱ्याच्या वेळेने आणि दुसऱ्याच्या फायद्यासाठी चालते. त्याचा आरंभ आणि शेवट आपल्याला दिसत नाही. दरोडापटात चार सामान्य माणसे एक काम स्वतः ठरवतात, वाटून घेतात, तडीला नेतात, आणि फळ डोळ्यांसमोर पडते. खऱ्या बेकर स्ट्रीटच्या टेपमध्येही हेच ऐकू येते. छपरावरचा माणूस दमला आहे, कुडकुडला आहे, त्याला घरी जायचे आहे. खालच्यांना धूर आणि थकवा यांनी घेरले आहे. कुठल्याही कारखान्यातल्या रात्रपाळीचे बोलणे याहून वेगळे नसेल.

चित्रपटाची पटकथा डिक क्लेमंट आणि इयन ला फ्रेने या जोडीची आहे. ब्रिटिश दूरचित्रवाणीवर तुरुंगातल्या कैद्यांवरची ‘पॉरिज’ ही गाजलेली विनोदी मालिका याच दोघांनी लिहिली. खालच्या थरातल्या माणसांची थट्टामस्करी, त्यांचा स्वाभिमान आणि त्यांची भीती एकाच वाक्यात पकडण्याची हातोटी त्यांच्याकडे आहे. ‘द बँक जॉब’चा पहिला तासभर सहज वाहतो तो या हातोटीमुळे.

पैसे अखेर कुणाकडे?

पण काम कितीही सुरेख झाले तरी ते चोरीचे. प्रेक्षकाला चोरांच्या बाजूला नेल्यावर परत कसे आणायचे, हा प्रश्न प्रत्येक पिढीतल्या ब्रिटिश चित्रपटकारांनी आपापल्या परीने सोडवला. त्याचा माग काढण्याचा सोपा मार्ग म्हणजे शेवटी पैसे कुणाकडे राहतात ते पाहणे.

१९५१ सालच्या ‘द लॅव्हेंडर हिल मॉब’मध्ये अॅलेक गिनेस यांनी बँकेच्या एका कारकुनाचे काम केले आहे. वीस वर्षे हा गृहस्थ सोन्याच्या विटा नेणाऱ्या गाडीबरोबर जातो आणि त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल कुणाला शंका नसते. लढाई जिंकूनही रेशनच्या रांगेत उभ्या राहिलेल्या देशाला हा कारकून आपला वाटला यात नवल नाही. तो सोने पळवतो, आयफेल टॉवरच्या छोट्या प्रतिकृती ओतून ते फ्रान्सला पाठवतो. पटकथाकार टी. ई. बी. क्लार्क यांनी बँक ऑफ इंग्लंडलाच ‘तुमचे सोने कसे चोरता येईल’ असे विचारले आणि बँकेने गांभीर्याने त्यांना मदत केली, हा किस्सा प्रसिद्ध आहे. चित्रपटभर हा कारकून दक्षिण अमेरिकेतल्या एका उंची हॉटेलात बसून आपली कथा सांगत असतो. शेवटी तो उठतो तेव्हा कळते की, समोर बसून ऐकणाऱ्या गृहस्थाच्या हातातल्या बेडीला त्याचा हात बांधलेला आहे.

१९५५ च्या ‘द लेडीकिलर्स’मध्ये पाच चोर वादकांचे सोंग घेऊन एका म्हाताऱ्या विधवेच्या घरी खोली घेतात. बाईच्या भाबड्या सचोटीपुढे त्यांचे काही चालत नाही आणि पाचही जण एकमेकांच्या हातून किंवा अपघाताने संपतात. पैसे राहतात त्या म्हातारीकडे, कारण तिच्या सांगण्यावर पोलीस विश्वासच ठेवत नाहीत. १९६० च्या ‘द लीग ऑफ जंटलमेन’मध्ये सैन्यातून बाहेर पडलेले आठ अधिकारी बँक लुटतात. ज्या देशासाठी लढलो त्याला आता आपली गरज नाही, हे शल्य त्यांच्या म्होरक्याच्या मनात आहे. लष्करी शिस्तीने आखलेली ही मोहीम फसते ती गाड्यांचे नंबर वहीत लिहून ठेवण्याचा छंद असलेल्या एका शाळकरी मुलामुळे.

या तिन्ही चित्रपटांत चोर हवाहवासा आहे आणि तिन्हींत तो हरतो. अमेरिकेत चित्रपट दाखवायचा तर तिथल्या संहितेनुसार गुन्ह्याचे फळ गुन्हेगाराला मिळताना दाखवता येत नसे, हे याचे एक कारण. पण केवळ तेवढेच नाही. चोराच्या पराभवाने प्रेक्षकाची सुटका होत असे. दीड तास मनाने केलेली चोरी शेवटच्या पाच मिनिटांत परत केली जाई आणि माणूस हलक्या मनाने घरी जाई.

१९६९ साली ‘दि इटालियन जॉब’ आला तोवर अमेरिकेतली ती जुनी संहिता मोडीत निघाली होती. ट्यूरिन शहरात वाहतूक तुंबवून लाल, पांढऱ्या आणि निळ्या मिनी गाड्यांतून सोने पळवणारी मायकेल केनची टोळी जिंकतेच. आणि तरीही दिग्दर्शक पीटर कॉलिन्सन तिला पूर्ण जिंकू देत नाहीत. परतीच्या घाटात बस कड्यावर अर्धी लटकते. एका टोकाला माणसे, दुसऱ्या टोकाला सोने. पुढे गेले तर बस कोसळेल. चित्रपट तिथेच संपतो. चोराला शिक्षाही नाही आणि बक्षीसही नाही. २००८ साली ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने या पेचातून सुटण्याचा शास्त्रीय मार्ग सुचवण्याची स्पर्धाच घेतली. चाळीस वर्षांनंतरही लोकांना ते सोने सोडवायचे होते!

त्याच २००८ साली ‘द बँक जॉब’ने हा पेच सोडवला. टेरी जिंकतो. तो बायकोमुलांसह बोटीवर मोकळ्या समुद्रात निघून जातो आणि कुणीही त्याच्या मागे येत नाही. प्रेक्षकाला याची जराही टोचणी लागत नाही. हे कसे साधले?

तिजोरीत काय होते

साधले ते असे. चित्रपटात ही चोरी टेरीची नाहीच. ब्रिटिश गुप्तहेर खात्याला त्या बँकेच्या एका लॉकरमधली राजकन्येची अडचणीत आणणारी छायाचित्रे हवी आहेत. ती ठेवली आहेत मायकेल एक्स या कृष्णवर्णीय पुढाऱ्याने, सरकारने आपल्याला हात लावू नये म्हणून. खाते एका तरुणीला अडकवते, ती टेरीला गळ घालते. आत शिरल्यावर चोरांच्या हाती आणखी काही लागते. उच्चपदस्थांची कुंटणखान्यातली छायाचित्रे मिळतात, आणि सोहोमधल्या अश्लील साहित्याच्या बादशहाने कोणत्या पोलिसाला किती हप्ता दिला याची वहीही मिळते. टेरीने लुटले ते लुटण्याच्याच लायकीचे होते. वर बसलेल्यांच्या मानाने खाली खणणारे हे सर्वात स्वच्छ हातांचे लोक ठरतात. बाबूराव अर्नाळकरांच्या काळा पहाडवर वाढलेल्या मराठी वाचकाला हा न्याय अनोळखी नाही. कायदाच जिथे विकला गेला आहे तिथे कायद्याबाहेरच्याकडून न्यायाची अपेक्षा, ही फार जुनी भूक आहे.

ही भूक चित्रपट फार कौशल्याने भागवतो. त्याचा उत्तरार्ध पूर्वार्धापेक्षा पुष्कळ काळा आहे. टोळीतली माणसे मारली जातात, एकाचा छळ पाहवत नाही. गंमत म्हणून सुरू केलेल्या कामाखाली केवढे मोठे गटार होते हे माणसांना उशिरा कळते. अखेर पॅडिंग्टन स्टेशनवर टेरी एकाच वेळी गुंड, पोलीस आणि सरकार यांना समोरासमोर आणतो. त्या प्रसंगात ज्याला कुणी कधी विचारले नाही अशा माणसाने तिघांनाही वेठीला धरलेले पाहताना होणारा आनंद खरा आहे, आणि त्याबद्दल लाज वाटण्याचे कारण नाही.

प्रश्न येतो तो दुसरीकडून. चित्रपट सुरुवातीपासून सांगतो की हे सत्यकथेवर आधारित आहे. काही दिवसांत बातम्या बंद झाल्या, सरकारने वृत्तपत्रांना सुरक्षाविषयक सूचना पाठवून तोंड बंद केले, असे तो सुचवतो. प्रत्यक्षात ब्रिटनमधली ही सूचनांची पद्धत संपादकांवर कायद्याने बंधनकारक नव्हती, अशी सूचना या प्रकरणी निघाल्याचा पुरावा पुढे आलेला नाही, आणि बातम्याही पुढे येतच राहिल्या. दुकान भाड्याने घेणाऱ्याने करारावर आपले खरे नाव लिहिले होते. पोलीस त्यामार्गे टोळीपर्यंत पोहोचले. जानेवारी १९७३ मध्ये चौघांना शिक्षा झाल्या, तिघांना प्रत्येकी बारा वर्षे आणि चौथ्याला आठ. म्हणजे खऱ्या गोष्टीत ‘लॅव्हेंडर हिल’सारखाच जुना शेवट होता.

मग चित्रपटातले बाकीचे निव्वळ बनावट का? तसेही नाही, आणि त्याची खरी करामत इथेच आहे. सोहोच्या धंदेवाल्यांकडून हप्ते घेणारे पोलीस लंडनमध्ये खरोखर होते. १९७६-७७ च्या खटल्यांत वरिष्ठ अधिकारी तुरुंगात गेले. वेश्येबरोबरच्या छायाचित्रांमुळे लॉर्ड लॅम्बटन या मंत्र्याला १९७३ साली खरोखर राजीनामा द्यावा लागला. मायकेल एक्सही खरा. पण या खऱ्या गोष्टी वेगवेगळ्या ठिकाणच्या आहेत, आणि पटकथाकारांनी त्या उचलून बेकर स्ट्रीटच्या एकाच स्ट्राँगरूममध्ये आणून ठेवल्या. लॉकरधारकांनी आपले काय गेले ते सांगितले नव्हते, त्यामुळे ते लॉकर कथाकारासाठी मोकळेच होते. तिथे आपल्या सोयीचे काहीही ठेवता आले.

गेल बेन्सन

या सोयीची किंमत एका व्यक्तीने मोजली आहे. तिचे नाव गेल बेन्सन.

चित्रपटात ती ब्रिटिश गुप्तहेर आहे. मायकेल एक्सच्या वर्तुळात शिरून माहिती पाठवते आणि हेर असल्याचे कळल्यावर मारली जाते. पाहणारा असा समज घेऊन बाहेर पडतो की, तिचा मृत्यू हा या लपवाछपवीच्या खेळातला एक बळी, आणि मायकेल एक्स फासावर गेला तो तिच्यासाठी.

इतिहासातली गेल बेन्सन ही २७ वर्षांची इंग्रज तरुणी होती, एका माजी खासदाराची मुलगी. आपल्या अमेरिकन जोडीदाराच्या मागे ती त्रिनिदादला गेली. २ जानेवारी १९७२ रोजी मायकेल एक्सच्या वस्तीवर तिचा अत्यंत क्रूरपणे खून झाला आणि तिथेच तिला पुरले गेले. ती गुप्तहेर असल्याचा कोणताही पुरावा नाही. मायकेल एक्सला १९७५ मध्ये फाशी झाली ती जोसेफ स्केरिट या स्थानिक तरुणाच्या खुनाबद्दल. हा स्केरिट चित्रपटाच्या कथेत कुठेच नाही. व्ही. एस. नायपॉल यांनी या खुनांवर दीर्घ लेख लिहिला आणि पुढे ‘गुरिलाज’ ही कादंबरी त्यातून उभी राहिली. नायपॉल यांच्या दृष्टीशी वाद घालता येतो. पण त्या खुनाचे कुरूप, निरर्थक रूप त्यांनी झाकले नाही. चित्रपटाने त्या निरर्थकतेला अर्थ दिला. तिला हेर केले की तिचे मरण कथेत बसते, पुढचे पाऊल टाकायला कारण देते. एका चुकलेल्या, फसलेल्या मुलीचे मरण कथेत बसत नाही, आणि गरीब स्केरिटचे तर नाहीच नाही.

काल्पनिक कथेने इतिहास बदलू नये असे माझे म्हणणे नाही. शेक्सपिअरपासून सगळ्यांनी तो बदलला. पण ‘द बँक जॉब’चा मजा ‘हे खरे आहे’ या आधारावर उभा आहे. टेरीला मोकळे सोडण्याचा परवाना त्याला मिळतो तो याच दाव्यातून : वरचे खरोखर असेच होते, म्हणून खालच्याने जिंकावे. तो आधार घेतला की खऱ्या माणसांचे देणे लागते. जुन्या चित्रपटांनी प्रेक्षकाच्या समाधानासाठी चोराला पकडून दिले. या चित्रपटाने चोराला सोडले आणि त्या जागी एका मृत स्त्रीची गोष्ट दिली.

ब्रिटिश दरोडापटांना ही सवय नवी नाही. ८ ऑगस्ट १९६३ च्या ‘ग्रेट ट्रेन रॉबरी’भोवती केवढी लोककथा उभी राहिली! २६ लाख पौंड, तीस-तीस वर्षांच्या शिक्षा, तुरुंगातून पलायन. त्या लोककथेत जॅक मिल्स हा इंजिनचालक नेहमी कोपऱ्यात राहिला. त्याच्या डोक्यावर मारलेल्या घावातून तो पुरता सावरला नाही आणि १९७० साली गेला. तोही काम करणारा माणूसच होता. रात्रपाळीवर होता.

जुईनगरचे लॉकर

हे सारे लंडनचे, असे म्हणून हात झटकता आले असते. पण नोव्हेंबर २०१७ मध्ये बेकर स्ट्रीटची गोष्ट नवी मुंबईत घडली. जुईनगरमधल्या एका बँकेच्या शाखेजवळचा गाळा चोरांनी भाड्याने घेतला, काही महिने तिथे दुकान थाटून ठेवले, मधल्या गाळ्यांच्या खालून भुयार खणले आणि शनिवार-रविवारच्या सुट्टीत लॉकरच्या खोलीत शिरून तीसेक लॉकर फोडले. दुकान, भुयार, सुट्टीचे दिवस, बंद आणि शाबूत दरवाजा : सगळे तेच.

वेगळे होते ते लॉकरमधले. आपल्याकडच्या लॉकरमध्ये राजकन्येची छायाचित्रे नसतात. आईने सुनेसाठी ठेवलेल्या पाटल्या असतात, मुलीच्या लग्नासाठी दर दिवाळीला थोडे थोडे करून घेतलेले सोने असते, आजीची मोडायला मन न झालेली ठुशी असते. आणि लॉकरमध्ये काय होते हे बँकेला माहीत नसते, म्हणून भरपाई मागताना ते सिद्ध कसे करायचे, हा प्रश्न असतो. त्या सोमवारी आपला लॉकर वाचला का हे पाहायला बँकेबाहेर जमलेल्या माणसांच्या जागी मी स्वतःला सहज उभा करू शकतो. तसे केले की भुयारातल्या कौशल्याची गोडी एकदम ओसरते. खणणारे तिथेही घाम गाळत होते, दिवस ठरवून काम करत होते, कदाचित एकमेकांवर खेकसतही असतील. पण आता मी जमिनीच्या वर आहे.

म्हणून बेकर स्ट्रीटच्या त्या लॉकरधारकांचा मला नव्याने विचार करावासा वाटतो. काहींनी आपले काय गेले ते सांगितले नाही. त्यातल्या काहींकडे काळा पैसा असेल, काहींकडे आणखी काही. पण अडीचशेहून अधिक लॉकरांत एकही आजीची ठुशी नव्हती, असे कशावरून? त्यांचे मौन आपण सगळेजण अपराधाची कबुली म्हणून वाचतो, कारण तसे वाचले की चोरांच्या बाजूला राहणे सोपे जाते.

याचा अर्थ हे चित्रपट पाहू नयेत असा अजिबात नाही. ‘द लॅव्हेंडर हिल मॉब’ मी पुन्हा पाहीन, ‘द बँक जॉब’ही पाहीन आणि पोलीस दरवाजापाशी आले की पुन्हा श्वास रोखीन. चार दिवस नेमून दिलेले आयुष्य झुगारून स्वतःसाठी एखादे काम तडीला नेण्याची इच्छा ही वाईट इच्छा नव्हे. ती आपल्यात आहे हे हे चित्रपट कळवतात. वाईट आहे ते त्या इच्छेसाठी लुटल्या गेलेल्यांना आधीच दोषी ठरवून टाकणे. चांगला दरोडापट कोणता हे ठरवायची माझी कसोटी आता एवढीच झाली आहे : भुयाराच्या दुसऱ्या टोकाला माणसे आहेत, याची आठवण तो ठेवतो का? ‘द लेडीकिलर्स’ ठेवतो. त्यातल्या म्हातारीच्या घराबाहेर तो एक क्षणही फार काळ राहत नाही. ‘द बँक जॉब’ ती आठवण अर्धीच ठेवतो.

आणि मग मला विंपोल स्ट्रीटवरचे रोलंड्स आठवतात. आपल्यासारखेच तेही त्या रात्री चोरांचे बोलणे कानात प्राण आणून ऐकत होते. त्यांना त्यात रंगत वाटली नसेल असे मला वाटत नाही. रात्रभर जागून ते टेप लावत होते. पण ऐकता ऐकता त्यांनी फोनही उचलला. ज्यांचे लॉकर फुटत होते त्यांना ते ओळखत नव्हते.